राहवलं नाही

जूनमध्ये औरंगपुऱ्यात दोन वास एकमेकांना धक्के देत चालतात. एक मंडईच्या बाजूने येणारा ओल्या कोथिंबिरीचा, दुसरा पुस्तकांच्या दुकानांतून येणारा कोऱ्या छापील कागदाचा. शाळेची यादी हातात धरलेले वडील आणि पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असलेली आई एकाच काउंटरला कोपर टेकून उभे असतात. यादीतलं सगळं मिळालं तरी शेवटी एक वस्तू हमखास उरते, ती म्हणजे इंग्रजी-मराठी शब्दकोश. दुकानदार शिडीवर चढतो, वरच्या फळीवरून तो जाडजूड ऐवज काढतो, त्यावर एक फुंकर मारतो आणि "हा एकदा घेतला की पोराच्या पोरापर्यंत बघायला नको" असं म्हणत समोर ठेवतो. त्याचं खरंच असतं. शब्दकोश घरी येतो, त्याला खाकी कव्हर चढतं, पहिल्या पानावर वळणदार अक्षरात मुलाचं नाव लिहिलं जातं, आणि मग पुढची बरीच वर्षं तो चुरगळलेली प्रमाणपत्रं सपाट करण्याच्या कामी येतो.

माझ्या वाट्याला आलेल्या अशाच एका कोशात 'रेझिस्ट' या शब्दापुढे 'प्रतिकार करणे, विरोध करणे' असं ठणठणीत लिहिलेलं होतं, आणि मग एक स्वल्पविराम देऊन, जरा ओशाळवाण्या आवाजात, 'मोह आवरणे'. एकाच ओळीत इकडे तोफा आणि तिकडे ताट. त्या वयात मला या शेजाराचं नवल वाटलं नाही. कोशात शब्द कुणाच्या शेजारी बसतील याला काही धरबंध नसतो, अशी माझी समजूत होती. नवल पुढे वाटू लागलं आणि अजून ओसरलेलं नाही.

सरस्वती भुवन शाळेच्या पलीकडच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या माडीवर आमच्या इंग्रजीच्या सरांची शिकवणी भरायची. लाकडी जिना प्रत्येक पायाखाली वेगळा स्वर काढायचा, त्यामुळे कोण आलं हे सरांना फळ्याकडे तोंड करूनही कळत असे. तर या माडीवर 'रेझिस्ट' हे क्रियापद आम्हाला जवळजवळ एक अख्खा पावसाळा पुरलं. कारण आम्ही सगळेजण, अगदी हुशार म्हणून पुढे बसवलेली मुलंसुद्धा, त्याच्या मागे 'अगेन्स्ट' लावायचोच. अन्यायाला रेझिस्ट करायचं तर 'विरुद्ध' नको का? सर लाल शाईने तो 'अगेन्स्ट' गोल करायचे आणि म्हणायचे, "अरे, विरोध त्याच्या पोटातच आहे. तुम्ही पावसात छत्रीवर आणखी एक छत्री धरायला निघालात." आणि मोहाच्या बाबतीत लिहिताना पुढे 'टू' घालून 'टू ईट' लिहिलं की दुसरं लाल वर्तुळ. तिथे 'ईटिंग' हवं. इंग्रजाला खाण्याचा मोह होतो तेव्हा ते खाणं आधीच सुरू झालेलं असावं, असा त्यावरून आम्ही निष्कर्ष काढला होता.

खरं म्हणजे दोष आमच्या इंग्रजीत नव्हता, मराठीत होता. आमच्या भाषेत अडवायला निघालेलं क्रियापद एकटं जातच नाही. अन्यायाच्या विरुद्ध लढायचं, मोहाशी झुंजायचं, वडिलांना विरोध करायचा, संकटासमोर उभं राहायचं. प्रत्येक वेळी समोरच्याशी नातं वेगळं आणि त्या नात्याचा प्रत्ययही वेगळा. आधी समोर कोण आहे ते बघायचं, त्याचा मान ठरवायचा आणि मग त्या मानाप्रमाणे विरोध करायचा. लग्नाच्या याद्या करताना माणसं ज्या काळजीने मानपान जपतात, तीच काळजी मराठी माणूस भांडतानाही घेतो. इंग्रजी क्रियापदाला हे काही ठाऊक नाही. ते थेट समोरच्याच्या अंगाला अंग लावून उभं राहतं. उभं राहणं हेच त्याचं मूळ. लॅटिनमधल्या 'सिस्टेरे' या उभं राहण्याच्या, थांबवण्याच्या धातूपासून ते आलं आहे.

आता उभं राहण्याचीच गोष्ट निघाली तर मला आमचे मामा आठवतात, कारण त्यांच्याइतकं कुठेही चटकन उभं राहणारा माणूस मी पाहिला नाही. पैठण गेटजवळ राहायचे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी सुपारी हनुमानाच्या दर्शनाला म्हणून गुलमंडीला निघायचे. देव एका जागी असतो, पण देवाकडे जाणारा रस्ता मिठाईच्या दुकानांवरून जातो. त्यातल्या एका कढईपाशी मामा थांबायचे. इमरती ही काही जिलेबी नव्हे. जिलेबी मैद्याची, घाईत काढलेली, बोलता बोलता केलेल्या सहीसारखी. इमरती उडदाच्या डाळीची, तिला मधोमध एक कडं आणि कडेने पाकळ्या. काढणाऱ्याचा हात तुपावर असा फिरतो की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस तळत नसून पत्र लिहितोय. मामांना मधुमेह होता. घरी आले की मामी त्यांच्या मिशीकडे एक नजर टाकून विचारायच्या, "खाल्लीत ना?" आणि मामा अत्यंत खिन्न चेहऱ्याने सांगायचे, "अगं, मला राहवलंच नाही."

या वाक्याची बांधणी एकदा निवांत बघावी. 'मी खाल्ली' असं ते म्हणत नाहीत. 'मी' चा 'मला' झालेला आहे, म्हणजे कर्त्याच्या खुर्चीतून उठून माणूस बाजूला, पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसलेला आहे. क्रियापद नपुंसकलिंगी, एकवचनी, कुणाशीही ओळख न दाखवणारं. व्याकरणकार अशा क्रियापदाला शक्य क्रियापद म्हणतात: मला चालवतं, मला बसवतं, मला राहवत नाही. म्हणजे खाण्याची क्रिया इथे कुणी केलेलीच नाही. राहण्याची एक शक्यता होती, ती मामांच्या बाबतीत त्या संध्याकाळी उपलब्ध नव्हती, एवढंच. पाऊस पडला नाही, वीज आली नाही, मला राहवलं नाही. अशा वाक्यावर कुठलंही न्यायालय शिक्षा देऊ शकणार नाही, आणि मामीही देत नसत. इंग्रज मात्र 'आय कुडन्ट रेझिस्ट' म्हणतो तेव्हा पराभव स्वतःच्या नावावर लिहून घेतो. मी लढलो, मी हरलो. त्याच्या इमरतीला केवढं ओझं होत असेल!

गंमत अशी की त्याचं 'रेझिस्ट' उभं राहण्यापासून निघालं आणि आपलं 'राहवणं' राहण्यापासून. दोघांनाही जागचं हलायचं नव्हतं. समुद्राच्या दोन काठांवरच्या दोन भाषांनी मोहाची व्याख्या स्वतंत्रपणे केली आणि ती एकच निघाली, की माणूस होता तिथे राहिला नाही.

पण आपल्याकडे मोहापेक्षा मोठं एक संकट आहे, ते म्हणजे आग्रह. मोह निदान आतून येतो. आग्रह हातात वाढणं घेऊन समोरून येतो. मराठवाड्यात धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात. साधारण दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात पुरण भरलेले धोंडे करतात, वर तुपाची धार, आणि चहूबाजूंनी सासर. जावई पहिल्यांदा 'नको' म्हणतो तो रिवाज. दुसऱ्यांदा म्हणतो ते चांगलं वळण. तिसऱ्यांदा तो पानावर आडवा हात धरतो, आणि इथे वाढणाऱ्या बाईची खरी परीक्षा. कसलेली वाढपीण हाताकडे बघत नाही, बोटांकडे बघते. बोटं जुळलेली असली तर पोट भरलंय. बोटांत फट असली तर तिथून एक धोंडा सुखरूप पानात पोचतो, आणि जावई 'अहो, अहो' म्हणत तो पोचू देतो. प्रतिकाराचा इतका नाजूक आणि दोन्ही पक्षांना इतका समाधान देणारा प्रकार जगाच्या इतिहासात दुसरा नसावा.

म्हणून मला गांधीजींच्या त्या प्रसिद्ध शब्दाचं जरा वेगळंच कौतुक वाटतं. दक्षिण आफ्रिकेत १९०६ साली त्यांनी हिंदी लोकांना घेऊन अन्यायी कायद्याविरुद्ध उभं राहायचं ठरवलं तेव्हा त्या चळवळीला 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हेच इंग्रजी नाव चालू होतं. ते त्यांना रुचेना. आपल्या लढ्याला परक्या भाषेतलं नाव असावं याची त्यांना लाज वाटे, शिवाय त्या 'पॅसिव्ह'मध्ये दुबळ्याचं हत्यार असल्याचा वास होता. त्यांनी 'इंडियन ओपिनियन'मधून वाचकांना नवा शब्द सुचवायला सांगितलं आणि बक्षीसही लावलं. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला. गांधीजींनी तो जरासा फिरवून 'सत्याग्रह' केला. आता पंगतीत वाढलेल्या आमच्यासारख्यांनी यावरून काय समजावं? 'रेझिस्ट' करणारा म्हणजे पानावर हात आडवा धरणारा. त्याच्या चळवळीला नाव मिळालं ते मात्र वाढणाऱ्याच्या हातातल्या आग्रहाचं. मला वाटतं गांधीजींना नेमकं हेच हवं होतं. अडवणं नको, समोरच्याने नको नको म्हणत असतानाही सत्य त्याच्या पानात वाढून ठेवणं हवं. तसं बघितलं तर आमच्या मामी आयुष्यभर सत्याग्रहीच होत्या, फक्त त्यांच्या हातात पोळीचा डबा असे.

औरंगपुऱ्याच्या मंडईपाशी मात्र गांधीजींचं काही चालत नाही. तिथे सगळा कारभार 'नको'वर चालतो. गवारीच्या ढिगापुढे एक बाई उकिडवी बसते, दोन शेंगा मोडून बघते, भाव विचारते आणि तो ऐकताच अशी उठते की जणू या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. "नको मग." भाजीवाली मावशीही तितक्याच विरक्तीने म्हणते, "नका घेऊ. कामून ताई, पाच रुपयांत काय बंगला बांधायचाय का तुम्हाला?" बाई चार पावलं जाते. चार म्हणजे चारच. पाचवं पाऊल टाकलं तर परत येता येत नाही, हे दोघींना ठाऊक असतं. चौथ्या पावलावर मागून हाक येते, गवार तराजूत पडते, वर मूठभर कढीपत्ता फुकट पडतो, आणि दोघी एकमेकींच्या सुनांची चौकशी करू लागतात. मला हे 'नको' फार आवडतं. इंग्रजीला नकार द्यायला दोन-तीन शब्दांची जुळवाजुळव करावी लागते. आपल्याकडे नकाराचं स्वतंत्र, स्वयंपूर्ण क्रियापद आहे, त्याचं 'नकोस', 'नका', 'नकोत' असं सगळं घरदार आहे. आणि शेजारच्या गल्लीत तेच 'नको' थोडं जोर देऊन, 'नक्को' होऊन दखनी बोलीत नांदतं. घड्याळाच्या दुकानातला चाचा गिऱ्हाईकाला "नक्को जी, ये पट्टा नक्को लेव" म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडात मराठीचीच एक लेक असते, कधीकाळी दिलेली, आता तिकडच्या घरची झालेली. शहरात भांडणं काय कमी झाली? पण भांडायचा शब्द दोघांनी वाटून घेतला, हे मात्र कुणी सांगत नाही.

घड्याळाचं निघालं म्हणून सांगतो. मामांना निवृत्तीच्या दिवशी एक मनगटी घड्याळ मिळालं होतं. त्याच्या पाठीवर कोरलेलं होतं, 'वॉटर रेझिस्टंट, ३० मीटर'. तीस मीटर म्हणजे जवळजवळ शंभर फूट. मामांना एवढ्या खोल जाण्याचं कधीच कारण नव्हतं, पण जायची वेळ आली तर घड्याळ बरोबर येईल या विचाराने त्यांची छाती भरून यायची. एका श्रावणात ते भिजत घरी आले, आणि काचेच्या आत वाफेचा एक चिमुकला ढग तरंगताना दिसला. दुरुस्तीवाल्याने भिंग डोळ्याला लावून तो ढग बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "काका, रेझिस्टंट आहे, प्रूफ नाही. जमेल तितकं अडवतं. पुढचं पाण्याच्या मनावर." तीस मीटरचं घड्याळ घालून पोहूही नये, शिंतोड्यांपुरतंच ते बरं, हे त्याने नंतर सांगितलं. मामा त्या घड्याळावर चिडले नाहीत. उलट त्या दिवसापासून त्यांचा त्याच्यावर जीव जडला. आपल्यासारखंच कुणीतरी आहे असं त्यांना वाटलं असावं.

पुढे डॉक्टरांनी त्यांच्या मधुमेहाचं कारण समजावून सांगितलं तेव्हा तोच शब्द पुन्हा भेटला. इन्सुलिन शरीरात असतं, ते रक्तातली साखर आत घ्यायला पेशींना सांगत असतं, पण पेशी दाद देत नाहीत. याला म्हणतात 'इन्सुलिन रेझिस्टन्स'. मामा सुन्न झाले. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाले, "बघ, जन्मात मी कशाला म्हणून नाही म्हटलं नाही. सगळं नाही म्हणणं आतल्या आत साठत गेलं." वैद्यकशास्त्राला हे पटणार नाही. मला मात्र अजून याहून चांगलं स्पष्टीकरण मिळालेलं नाही.

'जमेल तितकं अडवणं' हे शब्द मात्र मनात राहून गेले, आणि हे शहर मला तेव्हापासून त्याच शब्दांतून दिसायला लागलं. कारण हे गावच मुळी अशा एका माणसाने वसवलं, ज्याने सव्वीस वर्षं मोगलांना जमेल तितकं अडवलं. मलिक अंबर. आफ्रिकेतल्या हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, फिरत फिरत दख्खनमध्ये आलेला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, आणि सगळं संपलं असं सगळ्यांना वाटत असताना या माणसाने निजामशाहीचा एक वारस शोधून काढून त्याला गादीवर बसवला आणि राज्य चालू असल्याचं जाहीर केलं. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली. १६१२ साली भडकल दरवाजा बांधला, तोही मोगलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून शहरात खेळवलं, ती नहर. मोगल आले, त्यांनी १६१६ साली खडकी लुटली, जाळली. ते गेल्यावर हा परत आला आणि पुन्हा बांधायला बसला. मराठे सरदार त्याच्या फौजेत होते, आणि समोरासमोर न लढता रसद तोडून, रात्री छापे घालून शत्रूला हैराण करायची जी विद्या पुढे सह्याद्रीत कामी आली, तिचा मोठा सराव इथेच झाला.

जहांगीर बादशहाला हा माणूस एवढा सलत होता की अखेर त्याने त्याला मारलं. चित्रात. अबुल हसन या त्याच्या चित्रकाराने काढलेलं ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य आहे, आणि समोर भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर तो बाण सोडतो आहे. सगळ्या हिंदुस्थानाचा बादशहा, लाखांच्या फौजा, आणि त्या फौजांना जमेना ते त्याने कुंचल्याकडून करून घेतलं. मोठ्या माणसाचा मोह असा असतो. अंबर आपल्या मरणाने मेला, १६२६ साली, म्हातारा होऊन. आणि मग जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमद खान या इतिहासकाराने त्याच्याबद्दल लिहायला घेतलं तेव्हा, शत्रूबद्दल लिहितोय हे विसरून, युद्धकलेत आणि कारभारात याच्या तोडीचा कुणी नव्हता असा त्याचा गौरव करून ठेवला. धन्याला काय वाटेल याचा विचार त्याने केला असेलच. पण राहवलं नसेल.

इथेच मला त्या कोशातल्या ओळीचा उलगडा होऊ लागला, आणि तो पुरता झाला १९३८ सालच्या गोष्टीपाशी. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, पण ती वंदे मातरम् चळवळ म्हणून, मोठ्या अक्षरांत ठाऊक आहे. लहान अक्षरांतली गोष्ट एवढीच, की हैदराबादच्या निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेच्या वेळी एक गाणं म्हणायची. ते म्हणू नका, असा हुकूम आला. विचार करा, सोळा-सतरा वर्षांची मुलं. घरून पोस्टाने येणाऱ्या पैशांवर राहणारी, खानावळीच्या आमटीबद्दल तक्रार करणारी, परीक्षेला भिणारी. गाणं म्हटलं नाही तर काहीही बिघडणार नव्हतं. पास होऊन कारकून, शिक्षक, वकील झाली असती. त्यांनी संप केला. ती ठिणगी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचली, वारंगळकडे पोचली, आणि शेकडो मुलांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतलं. त्या घेतलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक अबोल मुलगा होता, जो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. गणितासारखा शांत विषय कलकत्त्याला शिकून आलेले गोविंदभाई श्रॉफ याच काळात लढ्यात उतरले ते निजामाचं राज्य संपेपर्यंत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आणि नंतर सरस्वती भुवनच्या आवारात त्यांनी आपलं उरलेलं आयुष्य खर्च केलं. ज्या माडीवर आम्ही 'रेझिस्ट'च्या मागे 'अगेन्स्ट' लावत बसलो होतो, तिच्या खिडकीतून ते आवार दिसायचं. सरांनी कधी तिकडे बोट दाखवलं नाही. उदाहरणं मात्र नेहमी अन्यायाचीच द्यायचे.

त्या मुलांना म्हातारपणी कुणी विचारलं असतं की तुम्ही प्रतिकार का केला, तर मला नाही वाटत कुणी 'प्रतिकार' हा शब्द वापरला असता. ते म्हणाले असते, राहवलं नाही. सगळा घोळ इथेच आहे आणि सगळी मौजही इथेच. गाणं म्हणायचा मोह ज्यांना आवरला नाही, त्यांनीच सरकारला आवरलं. कोशातल्या त्या दोन अर्थांमधला स्वल्पविराम मला तेव्हापासून दोन घरांमधल्या सामाईक भिंतीसारखा वाटतो. अलीकडचं भांडण पलीकडे ऐकू जातं. महात्मा फुले चौकातून जाताना मला सावित्रीबाईंची ती सर्वश्रुत गोष्ट आठवते. शाळेत शिकवायला जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, म्हणून त्या पिशवीत एक जादा लुगडं ठेवत. शाळेत पोचल्यावर बदलायचं, परतताना पुन्हा खराब झालेलंच नेसायचं. तलवार नाही, घोषणा नाही, धुऊन घडी केलेलं एक लुगडं. उद्याही अंगावर चिखल येणार हे ठाऊक असलेली आणि तरी घरी बसवत नसलेली बाई रात्री झोपण्यापूर्वी उद्याची घडी काढून ठेवते, या तयारीपुढे मला माझे सगळे निश्चय लटके वाटतात.

मामा गेले ते एका हिवाळ्यात, काहीही न अडवता. दहाव्याला आम्ही पैठणला गोदावरीवर होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळे आले. आले ते समोरच्या बाभळीवर बसले आणि बसूनच राहिले. गुरुजींनी सांगितलं, काही इच्छा राहिली असेल, बोला. मग एकेकजण हात जोडून बोलू लागला. नातवाचं शिक्षण पुरं करू. घराची वाटणी होऊ देणार नाही. मामींची काळजी करू नका. कावळे मान वाकडी करून नीट ऐकून घ्यायचे आणि जागचे हलायचे नाहीत. मामांनी हयातीत जे कधी जमवलं नाही ते आता जमवून दाखवलं होतं. इतका कडकडीत 'नको' त्यांच्याकडून कुणीच ऐकला नव्हता. अर्धा तास गेला, ऊन चढलं, लोक घड्याळं बघू लागले. शेवटी मामेभाऊ काही न बोलता घाट चढून गेला आणि एका पुड्यात थोडी जिलेबी घेऊन आला. इमरती तिथे मिळाली नाही. त्याने एक वेढा पिंडाशेजारी ठेवला, आणि तो दोन पावलं मागे सरकतो न सरकतो तोच फडफड झाली. गुरुजी हसू दाबत पुढच्या तयारीला लागले. घरी आल्यावर मामींनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "जिलेबीवर भागवलं होय? इमरतीला थांबायला हवं होतं त्यांनी."

या शहराचं नाव आधी खडकी होतं, मग अंबरच्या मुलाच्या नावाने फतेहनगर झालं, १६५३ साली सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाच्या नावाने औरंगाबाद झालं, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. मोगलांना अडवणाऱ्याने ते वसवलं, मोगलाने त्यावर आपलं नाव घातलं, आणि मोगलांपुढे मान न वाकवता प्राण देणाऱ्याचं नाव आता त्याला मिळालं आहे. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पत्ते बदलले. पैठण गेटच्या अलीकडचा हा चिमुकला भाग मात्र या सगळ्या ये-जा करणाऱ्या नावांच्या मध्ये कोथिंबीर आणि वह्या विकत बसून राहिला आहे आणि लोकांच्या तोंडी अजून औरंगपुराच आहे. कुणी हट्टाने ठेवलंय असंही नाही. जिभेला सवय आहे, एवढंच. कधी आलात तर स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं 'औरंगपुरा' सांगा, तो बरोबर आणून सोडेल. भाडं ऐकल्यावर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. आणि चारपेक्षा जास्त पावलं जायचं नाही.